"मायं काय चुकलं, भाऊ?"

पीकविम्याचे शेवटचे दिवस होते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारे घेतलेल्या रांगेत बारावीतला एक पोरगा उभा होता, हातात फक्त मोबाइल. नंबर आल्यावर म्हणाला, "भाऊ, तुम्ही लिवलं तसंच केलं. मायं काय चुकलं?"

रात्री सवडीनं मी मराठी विकिपीडियावर काम करतो. लेखाच्या बाजूला दिसणाऱ्या माहितीचौकटीतले हिशेब लुआ भाषेतल्या छोट्या स्क्रिप्ट करतात. तिथं त्यांना 'विभाग' म्हणतात. विभाग कसा वापरायचा हे त्याच्या दस्तऐवजीकरणाच्या पानावर असतं, आणि ही पानं आमच्यासारखे लोकच लिहितात. लोकसंख्येला क्षेत्रफळानं भागून घनता काढणाऱ्या एका विभागाचं पान माझं होतं. पोरानं आपल्या गावाचा २०११ च्या जनगणनेचा आकडा भरला, तर लाल अक्षरांत चूक उमटली. तीनदा प्रयत्न करून त्यानं स्वतःचीच संपादनं उलटवली होती.

पानाच्या इतिहासात त्या ओळी पाहून मला फार वाईट वाटलं.

रात्री लाइट आल्यावर त्याचा आकडा धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, टाकून पाहिला. त्यानं तो देवनागरीत लिहिला होता, मराठी माणूस लिहील तसाच. मजकुराची संख्या करणारं लुआचं 'टूनंबर' देवनागरी आकडा ओळखत नाही. '१२' दिलं की 'निल', म्हणजे 'काहीच नाही', परत करतं, आणि निलला भागायचं कसं? मी नमुना इंग्रजी पानावरून उचलला होता, आकडे इंग्रजीच ठेवून. तपासतानाही तेच आकडे टाकले, म्हणून मला सगळं ठीक दिसलं.

लुआ १९९३ मध्ये ब्राझीलच्या एका विद्यापीठात जन्मली. तिचं लांबी मोजणारं मूळ फंक्शन अक्षरं नाही, बाइट मोजतं. 'वर्धा' आपल्याला दोन अक्षरं, युनिकोडला पाच चिन्हं, लुआला १५ बाइट. मराठीत लिहिणाऱ्यानं हे पहिल्याच ओळीत सांगायला हवं. मी सांगितलं नव्हतं.

पानावर तशी सूचना टाकतो, असं मी चर्चा पानावर म्हटलं. एका सदस्यानं लिहिलं, सूचना कशाला, विभागच दुरुस्त करा. म्हणणं बरोबर होतं. भाषेप्रमाणे आकडा वाचणारं 'पार्सफॉरमॅटेडनंबर' मीडियाविकीत, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, तयारच आहे. पण विभाग पुष्कळ पानांवर वापरात असल्यानं सुरक्षित केलेला; त्यात बदल प्रचालकच, म्हणजे जादा अधिकार असलेले सदस्यच, करणार. दस्तऐवजीकरणाचं उपपान मात्र मुद्दाम सगळ्यांसाठी उघडं असतं. ही सोय ज्यानं कुणी केली, त्याला नवख्या माणसाची खरी काळजी होती. अडलेल्याला त्याच रात्री उत्तर मिळू शकतं.

म्हणून आधी पान दुरुस्त केलं. सगळ्यात वर लिहिलं: सध्या आकडे इंग्रजीत टाका, देवनागरी आकड्यांनी चूक येते. संपादन सारांशात लिहिलं: 'चूक या पानाची होती, संपादकाची नाही.' मग दुरुस्त कोड धूळपाटीवर ठेवला, दोघा सदस्यांनी वेगवेगळे आकडे टाकून तपासला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्रचालकांनी तो चढवला. माझी सूचना मीच काढली.

विम्याच्या शेवटच्या दिवशी पोरगा पुन्हा आला, या वेळी बापाचा सातबारा घेऊन. "तुयं काहीच चुकलं नव्हतं," मी म्हणालो. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊ, त्या नमुन्यात आमच्या गावाचा आकडा टाकला तं चालते का?"

"चालते. तूच टाक."