सरकारच कायदा करतं, मग ते तो मोडतं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा बुलडोझर किंवा पोलीस कोठडीचं उदाहरण हवं असतं. मी अध्यादेशाचं देतो, म्हणजे विधिमंडळ भरलेलं नसताना काढलेल्या तात्पुरत्या कायद्याचं. त्यात आरडाओरडा नसतो, फक्त तारखा पुढे ढकलल्या जातात, म्हणून तिकडे कुणी बघत नाही.

हिशेब सरळ आहे. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना राज्यपाल संविधानाच्या अनुच्छेद 213 खाली अध्यादेश काढतात. अधिवेशन भरलं की तो पटलावर, म्हणजे सभागृहापुढे, ठेवायचा. त्यानंतर सहा आठवड्यांत कायदा मंजूर झाला नाही, तर तो आपोआप संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही. म्हणजे आयुष्य फार तर साडेसात महिने.

बिहारमध्ये 1967 ते 1981 या काळातले 256 अध्यादेश एक ते चौदा वर्षं जिवंत ठेवले गेले. ऊस पुरवठा-खरेदीचा अध्यादेश 13 वर्षं, 11 महिने, 19 दिवस चालला. अधिवेशन संपलं की संसदीय कार्य विभागाचं पत्र सगळ्या खात्यांना जाई: कोणते अध्यादेश पुन्हा काढायचे ते कळवा. मजकूर तोच, क्रमांक नवा. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. डी. सी. वाधवा यांनी हे अभ्यासून उघडकीला आणलं आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 20 डिसेंबर 1986 ला न्यायालयाने ही संविधानाची फसवणूक ठरवली.

पूर्वी मी इथेच थांबत असे. न्यायालय आहे, चूक सुधारली जाते, असं म्हणत असे. आता ते उत्तर मला पुरत नाही.

कारण तीनच वर्षांनी, डिसेंबर 1989 मध्ये, त्याच बिहारने 429 खाजगी संस्कृत शाळा ताब्यात घेणारा अध्यादेश काढला. शिक्षकांच्या सेवा सरकारकडे वर्ग होणार होत्या. तो सात वेळा पुन्हा काढला गेला. एकदाही विधिमंडळापुढे ठेवला नाही. 30 एप्रिल 1992 ला शेवटचा संपला आणि त्याच्या जागी कायदा आलाच नाही. मग त्या शिक्षकांचा दर्जा काय? सरकारी की खाजगी? 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. प्रकरण वर जात जात सात जणांच्या पीठापुढे गेलं आणि निकाल लागला 2 जानेवारी 2017 ला. बहुमताने ठरलं की पटलावर ठेवणं बंधनकारक आहे, अध्यादेश पुन्हा पुन्हा काढणं ही फसवणूक आहे आणि या अध्यादेशांतून कायमचा हक्क मिळत नाही. दिलेला पगार परत घेऊ नये, एवढाच दिलासा. नियम पाळला नाही सरकारने, नोकरीचा हक्क गेला शिक्षकांचा. निकाल मला तत्त्वतः पटतो, तरी हे गळी उतरत नाही.

मला लगेच सरकारविरोधी ठरवू नका. अध्यादेशच नको असं माझं म्हणणं नाही. निकड असू शकते. पण 1986 च्याच निकालात, एका अधिवेशनात कामाचा बोजा फार असेल तर फेरअध्यादेश चालेल, अशी फट राहिली होती. आणि किंमत काय मोजावी लागली? राज्याने वाधवांना खर्चापोटी 10,000 रुपये द्यावेत, इतकीच.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर राजपत्रात आधीच्या अध्यादेशाचा क्रमांक आणि तारीख शोधा. मग अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासून सहा आठवडे मोजा, आणि त्या दिवसांच्या कामकाजपत्रिकेत तो पटलावर आला होता का ते बघा.