पोटमाळ्यावरचे पोटभाडेकरू

आमच्या गल्लीत ओल्या कचऱ्याची गाडी गुरुवारी सकाळी येते. टोरोंटोतल्या ईस्ट यॉर्कच्या या घरात राहायला आलो तेव्हा हे वेळापत्रक आम्हाला महापालिकेच्या कॅलेंडरात शोधावं लागलं. रॅकूनांना ते आधीपासूनच पाठ होतं. बुधवारी रात्री लोक डबे दारापुढे आणून ठेवू लागले, की मागच्या कुंपणावरून एक थोराड मादी आणि तिच्यामागे ओळीने पिल्लं अशी वरात निघते आणि घरोघरचा डबा हलवून बघत कोपऱ्यापर्यंत जाते. बाकीच्या दिवशी ती या बाजूला फिरकतही नाही.

टोरोंटोत राहते म्हटलं, की पुण्याहून येणारा पहिला प्रश्न बर्फाचा असतो आणि दुसरा अस्वलांचा. अस्वल मी इथे फक्त प्राणिसंग्रहालयात पाहिलंय. रोजचा संबंध येतो तो रॅकूनशी. मांजरापेक्षा बराच मोठा, पाच ते दहा किलोंचा, थंडीच्या तोंडावर त्याहूनही गोल झालेला. करडी दाट फर, शेपटीवर काळी वलयं, डोळ्यांवरून आडवा काळा पट्टा. फोटोत गोड दिसतो. प्रत्यक्षात तो रात्री बारा वाजता डब्यामागे मागच्या पायांवर उभा राहून तुमच्याकडे रोखून बघतो आणि तुम्ही कितीही 'हाड हाड' केलंत तरी जागचा हलत नाही, तेव्हा तो गोडवा जरा कमी होतो.

खरे बघण्यासारखे त्याचे हात. पुढचे पंजे असं म्हणायला जीभ वळत नाही. पाच लांब, सुटी बोटं. फक्त अंगठा आपल्यासारखा बाकीच्या बोटांसमोर येत नाही. मेंदूचा बराच मोठा भाग त्याने या हातांच्या स्पर्शासाठी राखून ठेवलेला असतो. आमच्या परसात पावसाचं पाणी साठलेली एक बादली असते. एका रात्री दिव्याच्या उजेडात हे महाशय तिच्यात दोन्ही हात घालून बसले होते. नजर भलतीकडेच, शेजारच्या कुत्र्याच्या आवाजाच्या दिशेला. आणि पाण्याखाली बोटं सारखी चाललेली, टीव्ही बघत मेथी निवडणाऱ्या बाईसारखी. तळाशी कुजलेली पानं एकेक चाचपून बाजूला सारली, एक गोगलगाय हाती लागली, ती दोन्ही तळहातांत घोळवली आणि न बघताच तोंडात टाकली. ओल्या हातांना जास्त नीट कळतं, म्हणून हे पाण्यात चाचपणं. लोक त्यालाच 'अन्न धुऊन खातो' म्हणतात. स्वच्छतेशी याचा काडीचा संबंध नाही, हे त्यानंतर त्याने कशाकशात हात घातला ते पाहून माझी खात्री पटली.

या हातांपायी शहराने ३ कोटी १० लाख डॉलरचा खर्च काढला. ओल्या कचऱ्याचे जुने हिरवे डबे रॅकून सहज उघडत आणि सकाळी रस्ताभर अंड्यांची टरफलं, कोंबडीची हाडं, चहाचा चोथा. २०१५ मध्ये तेव्हाचे महापौर जॉन टोरी यांनी नव्या डब्याचा नमुना दाखवताना 'रॅकून राष्ट्रा'शी हार मानणार नाही, असं पत्रकारांसमोर जाहीर केलं होतं. २०१६ पासून घरोघरी हे डबे आले. झाकणावर फिरवायची मूठ आहे, ती फिरवायला अंगठा लागेल, असा हिशेब होता. गाडीचा यांत्रिक हात डबा उचलून उलटा करतो तेव्हा कुलूप आपोआप सुटतं. यॉर्क विद्यापीठातल्या सुझन मॅकडोनाल्ड या प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करतात. त्यांनी हे डबे रॅकूनांसमोर ठेवून बघितले होते, आणि त्या परीक्षेत डबा पास झाला. मग २०१८ मध्ये 'टोरोंटो स्टार'च्या एका पत्रकार बाईंच्या कॅमेऱ्यात एक मादी सापडली. तिने डबा आडवा पाडला आणि ती मूठ फिरवली. शहरभर हा व्हिडिओ फिरला. खरं सांगायचं तर डबा चांगला आहे. आमचा इतक्या दिवसांत एकदाही उघडला गेलेला नाही. ज्यांचे उघडतात ते बहुतेक करून कोंबून भरलेले आणि मूठ अर्धवट फिरवलेले असतात. पण हे सांगून गप्पा रंगत नाहीत. इथल्या माणसाला आपला रॅकून जिंकलेलाच आवडतो.

हे प्रेम काही वेगळंच आहे. जुलै २०१५ मध्ये यंग आणि चर्च रस्त्यांच्या कोपऱ्यावर फुटपाथवर एक रॅकून मरून पडला. सकाळी महापालिकेला कळवलं, पण उचलायला रात्रीपर्यंत कुणी आलं नाही. तोवर लोकांनी त्याचं नाव कॉनरॅड ठेवलं, शेजारी फुलं ठेवली, मेणबत्त्या लावल्या, रॅकूनचा फोटो फ्रेम करून आणला, शोकसंदेशाची कार्डं लिहिली. हेच लोक घरी जाऊन डब्यावर विटा रचतात.

एवढे रॅकून इथेच का, तर शहरच त्यांच्या सोयीचं आहे. टोरोंटोच्या पोटातून झाडीने भरलेल्या घळी जातात, त्यात ओढे आहेत. घळीतून वर आलं की थेट परसं लागतात. जुन्या घरांची लाकडी छपरं, मोठी झाडं, खायला मुबलक, आणि त्यांना खाणारं फारसं कुणी नाही. मॅकडोनाल्डबाईंनी काही रॅकूनांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधले, तेव्हा दिसलं की हे प्राणी मोठे रस्ते टाळतात आणि मोजक्या गल्ल्यांच्या टापूतच आयुष्य काढतात. म्हणजे आमच्या कुंपणावरची ती मादी खरोखरच आमच्याच वॉर्डातली. (जर्मनीत कासेलला राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सगळं ओळखीचं वाटेल. १९३४ मध्ये तिथल्या एडर सरोवराकाठी फरसाठी पाळलेल्या रॅकूनांच्या दोन जोड्या सोडून दिल्या होत्या. आज तिकडचे लोकही छपराकडे बघत झोपतात.)

आपल्याकडचा माणूस इथे पहिल्यांदा विचारतो तो, 'पकडून लांब जंगलात का सोडत नाहीत?' कायदाच तशी मुभा देत नाही. ऑन्टारिओत, म्हणजे टोरोंटोच्या प्रांतात, पकडलेला रॅकून २४ तासांच्या आत, आणि पकडल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. लांब सोडलेला प्राणी अनोळखी जागी उपाशी राहतो, तिथल्यांशी मारामाऱ्या करतो आणि सोबत रोग घेऊन जातो. हे ऐकून मला जुन्नर आठवलं. ऊसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले, तर त्या नव्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं. बिबट्या आणि रॅकून यांची काही बरोबरी नाही, पण 'उचला आणि फेका'ची हौस दोन्हीकडे सारखीच महागात पडते.

रोगांची भीती मात्र खोटी नाही. रॅकूनांतला रेबीज ऑन्टारिओत १९९९ मध्ये शिरला, २००५ नंतर नाहीसा झाला आणि २०१५ च्या डिसेंबरात हॅमिल्टनला पुन्हा सापडला. त्यावर सरकारने काढलेला उपाय मला फार आवडतो. मार्शमेलोच्या वासाच्या छोट्या हिरवट वड्या, आत लस. त्या ओढ्याकाठी, झुडपांत हाताने टाकतात, मोकळ्या भागात विमानातून सोडतात. रॅकून चावून खातो आणि परस्पर लस टोचल्यासारखा होतो. २०२३ च्या सुमारास शहरात डिस्टेंपरची साथ आली होती. हा रोग माणसाला होत नाही, पण कुत्र्यांना होतो. आजारी रॅकून भर दुपारी फुटपाथवर भ्रमिष्टासारखे फिरत, माणसाजवळ येत. असा दिसला तर लांब उभं राहून महापालिकेच्या ३११ ला फोन करायचा, बस. आणखी एक: हे प्राणी एकच जागा ठरवून तिथे शौचाला बसतात, बहुधा लाकडी ओट्याखाली किंवा छपरावर. त्यात जंतांची अंडी असू शकतात आणि ती पोटात गेली तर प्रकरण मेंदूपर्यंत जातं. लहान मुलं असलेल्या घरांनी बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हे विसरू नये.

आणि खायला घालायचं नाही. एप्रिल २०२३ पासून तर स्वतःच्या परसातही वन्य प्राण्यांना खाऊ घालायला टोरोंटोत बंदी आहे. इथे आपली पंचाईत होते. गोग्रास काढणारी, कावळ्याला घास ठेवणारी आपण माणसं. दारात आलेल्या मुक्या जिवाला हाकलायचं कसं? स्कारबरोतल्या एका मैत्रिणीकडे तिचे सासरे सांगलीहून आले होते. पितृपक्षात त्यांनी परसात पान वाढून ठेवलं: खीर, भाजणीचे वडे, कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी. इथले कावळे दांडगे आहेत, पण त्या दिवशी एकही आला नाही. काका दुपारभर काचेच्या दारापाशी खुर्ची टाकून बसले. सून म्हणाली, "बाबा, आता उचलू या का?" ते म्हणाले, "असू दे, येईल." अंधार पडल्यावर आलं ते काळ्या पट्ट्याचं कुटुंब. आधी खीर बोटांनी ढवळून झाली, मग वडे गेले, कारल्याची भाजी हुंगून तशीच ठेवली. सुनेला वाटलं काका आता चिडतात. काका म्हणाले, "आमच्या दादांनाही कारलं आवडायचं नाही."

पुढचे कितीतरी दिवस ते कुटुंब ठरल्या वेळी काचेवर हात टेकून उभं. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे त्यांचे अंगावर चरबी चढवायचे दिवस. ते गाढ शीतनिद्रा घेत नाहीत, पण कडाक्याच्या थंडीत आठवडेच्या आठवडे बिळात झोपून काढतात आणि तेवढ्यासाठी आधी पोटभर खाऊन घेतात. आपला पितृपक्ष नेमका त्याच मोसमात येतो. मैत्रिणीच्या नव्या हिरवळीचे पट्टेही त्यांनी याच काळात उलगडून गुंडाळून ठेवले, खालच्या हुमणीच्या अळ्या खायला. काका शेतकरी. हुमणी खातात म्हटल्यावर त्यांचं मत आणखीच चांगलं झालं.

आमच्याकडे प्रश्न आला तो वसंतात. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, खाली घरमालकीणबाई, मूळच्या ग्रीसच्या. मार्चअखेरीस आमच्या डोक्यावर रात्री कुणीतरी कपाट सरकवल्यासारखे आवाज येऊ लागले आणि काही दिवसांनी त्यात बारीक चिवचिवाट मिसळला. म्हणजे पोटमाळ्यावर बाळंतीण. मार्च ते मे हा त्यांचा पिल्लांचा काळ, आणि उबदार, कोरडा पोटमाळा झाडाच्या ढोलीपेक्षा बराच बरा. घरमालकीणबाईंना कुणीतरी सांगितलं, की दिवा आणि रेडिओ लावून ठेवला की कंटाळून जाते. त्यांनी पोटमाळ्याच्या झडपेत रेडिओ ठेवला, ग्रीक स्टेशन, मोठ्या आवाजात. रात्रभर आम्ही जागे. वरचं बाळंतपण व्यवस्थित चालू.

शेवटी वन्य प्राणी काढणारा माणूस बोलावला. छपराची कड आणि भिंत मिळते तिथली फळी उचकटून तिने वाट केली होती. त्याने जाड हातमोजे घालून आतून पिल्लं काढली, मुठीएवढी, डोळे मिटलेली, आणि छपरावरच एका उबदार पेटीत ठेवली. भोकावर बाहेरच उघडणारं दार बसवलं: बाहेर पडता येतं, आत शिरता येत नाही. पिल्लं आत राहिली आणि आई बाहेर अडकली तर ती अख्खं छप्पर उचकटेल, म्हणून आधी पिल्लं बाहेर, असं त्याने समजावून सांगितलं. रात्री घरमालकीणबाई कोट घालून, कॉफीचा मग घेऊन समोरच्या फुटपाथवर खुर्चीत बसल्या, आम्ही शेजारी उभे. मादी बाहेर आली, परत आत शिरायला बघितलं, दारावर चारदा हात फिरवला, मग पेटीचं झाकण उचललं. पहिलं पिल्लू मानगुटीला धरून ती पावसाच्या नळावरून खाली उतरली आणि कुंपणापलीकडे गेली. मग दुसऱ्यासाठी आली. उरलेली नेईपर्यंत बाईंची कॉफी केव्हाच संपली होती.

त्याने भोकावर जाड तारेची जाळी ठोकली. बिल बघून बाई ग्रीकमध्ये काहीतरी बोलल्या, ते आम्हाला न समजताही समजलं. परवा पलीकडचे शेजारी आले होते. त्यांच्या गराजच्या छतात काहीतरी चिवचिवतंय, तेव्हा त्या माणसाचा नंबर आहे का, असं विचारत होते. बाईंनी नंबर दिला, आणि सोबत रेडिओही देऊ केला.