पार्व्होच्या सिरममधला गुलाबी रंग : चोर सापडला

मागच्या नोंदीत म्हटलं होतं, पार्व्हो (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) झालेल्या पिल्लांच्या सिरममधला, म्हणजे रक्त साकळल्यावर वर उरणाऱ्या पातळ भागातला, एमडीए (चरबीच्या ऑक्सिडेशनची खूण) भलताच चढा येतोय आणि त्यावर विश्वास बसत नाही. कारण हाती लागलं. हिमोलिसिस, म्हणजे तांबड्या पेशी फुटणं!

जुलाब-उलट्यांनी पिल्लू सुकलेलं असतं. शीर सापडत नाही, बारीक सुईतून रक्त ओढावं लागतं आणि तांबड्या पेशी फुटतात. मग टीबीएबरोबर (एमडीएशी जुळून गुलाबी रंग देणारं रसायन) ९५ अंशांवर तापवताना त्यांच्यातलं लोह सिरममधल्या चरबीचं ऑक्सिडेशन नळीतच घडवून आणतं. म्हणजे ५३२ नॅनोमीटरला मोजलेला गुलाबी रंग थोडा पिल्लाच्या अंगातला, थोडा आपल्या वॉटरबाथमधला. निरोगी कुत्र्याचं रक्त सहज निघतं, त्यामुळे हा घोळ दोन्ही गटांत सारखा होत नाही. नेमका आपल्याला हव्या त्या बाजूलाच होतो, म्हणून तो जास्त घातक.

खात्री करायला एका ठणठणीत कारवान जातीच्या कुत्र्याच्या स्वच्छ सिरममध्ये त्याच्याच फोडलेल्या पेशींचा द्राव थेंबाथेंबाने वाढवत नेला. आजार नाही, काही नाही, तरी रीडिंग पायरीपायरीने वर! तो आलेख बघून इतका आनंद झाला की रात्रीच पशुवैद्य डॉक्टरांना फोन केला. तापवण्याआधी बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं) आणि ईडीटीए (लोह धरून ठेवणारं) घातल्यावर चढ बराच उतरला, पुरता गेला नाही.

पार्व्होत ऑक्सिडेटिव्ह ताण (शरीरात ऑक्सिडेशनने होणारी हानी) वाढतो याबद्दल मला शंका नाही. विषाणू आतड्याच्या आणि अस्थिमज्जेच्या वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतो, दाह पेटतो. शंका आहे ती माझ्या आकड्यांवर. व्हिटॅमिन ई द्यावं का, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन : आधी सलाईन, आधी उलट्या थांबवणं, आणि पुढच्या पिल्लांना वेळेवर लस.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे डायिंग मास्तर म्हणाले, "एका आकड्यावर रंग ठरवू नका, शेजारचेही बघा." म्हणून आता ५३२ मधून ५१० आणि ५६० ची सरासरी वजा करणार. माझ्या एएस७३४१ या रंग मोजणाऱ्या सेन्सरचे ५१५ आणि ५५५ चे चॅनेल पसरट आहेत, पण कामचलाऊ अंदाज मिळेल. क्वार्ट्झ क्युव्हेटवर (नमुना ठेवायच्या चौकोनी नळीवर) पैसे घालू नका, दृश्य प्रकाशाला काच पुरते. टीबीए मात्र चांगलंच घ्या. एका पुरवठादाराचं इतकं पिवळट निघालं की ब्लँकलाच (सिरम न घातलेल्या नळीलाच) रंग आला.

लिहिता लिहिता सुचलं : याच सेन्सरला ४१५ चा चॅनेल आहे, आणि हिमोग्लोबिन तिथेच सर्वांत जास्त प्रकाश शोषतं. मग गुलाबी रंग ब्युटेनॉलमध्ये वेगळा ओढून मोजायचा बेत मागे. आधी प्रत्येक सिरम टीबीए घालण्यापूर्वी ४१५ वर बघायचं, मर्यादेपलीकडचं बाजूला काढायचं.

आणि हाच घोळ बचावाच्या बाजूलाही आहे! कॅटालेज आणि एसओडी ही ऑक्सिडेशनपासून वाचवणारी एन्झाइम्स तांबड्या पेशींत ठासून भरलेली असतात. पेशी फुटल्या की सिरममध्ये संरक्षण वाढल्याचा भास होणार. तेव्हा ती दोन्ही सिरममध्ये मोजणं बंद. धुतलेल्या पेशी फोडून दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे मोजेन. त्यासाठी डॉक्टरांकडे तपासणीतून उरलेलं, ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणाऱ्या) नळीतलं रक्त मागितलंय. या उन्हात दवाखान्यातून जुळे सोलापूरपर्यंत ते बर्फाच्या डब्यातच आणावं लागेल, फक्त नळी थेट बर्फाला टेकू द्यायची नाही. गोठली तर पेशी वाटेतच फुटतील.