गाडी घरी शिकवली, पण "फॉर्म पाच कुठाय?"

परवा पोस्टमन लेकीचं लायसन्स देऊन गेला. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणून राहिली होती, कारण सगळं पार पडलं तरी आरटीओच्या त्या एका खिडकीवरचा राग काही गेला नाही माझा. ज्यांच्या घरी अठराचं पोरगं किल्ली मागून राहिलं असेल त्यांना हे आधीच माहीत असलेलं बरं.

पहिले मुद्द्याचं सांगते. कार घरच्या माणसाकडून शिकता येते, ड्रायव्हिंग स्कूलची सक्ती नाही. शिकवणाऱ्याकडे कारचं चालू लायसन्स पाहिजे, तो गाडी थांबवू शकेल अशा जागी शेजारी बसलेला पाहिजे, गाडीला पुढं अन् मागं लाल एल पाहिजे, आणि शिकणाऱ्याजवळ लर्निंग लायसन्स. एवढंच. हे एवढं मला तेव्हा कोणी छातीठोकपणे सांगितलं असतं तर माझा एक पूर्ण दिवस अन् पोरीचं रडणं वाचलं असतं.

मी स्वतः क्लासमधून शिकली. गाडीत चार जण, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं, आणि सरांचा पाय कायम त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर. गाडी मी थांबवली का त्यांनी हे मला महिनाभर कळलंच नव्हतं, अन् लायसन्स मिळाल्यावर पुढची दोन वर्षं मी एकटीनं गाडी काढली नाही. म्हणून ठरवलंच होतं की हिला मीच शिकवणार. ह्यांची ड्यूटी चंद्रपूरला, शनिवारी रात्री येतात, म्हणजे जे काय ते मलाच करायचं होतं.

सोळाव्या वर्षापासून ती अॅक्टिव्हासाठी मागे लागली होती, तिच्या क्लासमधल्या अर्ध्या पोरी नेतात म्हणे. मी दिली नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं, अॅक्टिव्हा त्यात बसत नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अठराच्या आतलं पोरगं पकडलं गेलं तर आईबापाला किंवा गाडीमालकाला २५,००० दंड अन् तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, वरून त्या पोराला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लर्निंगच नाही. दोन वर्षं घरात धुसफूस चालली, पण मी हलली नाही अन् त्याचं मला समाधान आहे.

लर्निंग घरीच झालं, आधारवरून, टेबलावर बसून परीक्षा दिली, पास झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एल मात्र नीट करा. लोकं ए-फोरवर स्केचपेननं काढून काचेला चिटकवतात. नियमात मापं दिली आहेत, पांढरा चौकोन कमीत कमी १८ सेंटीमीटरचा, एल १० सेंटीमीटर उंच, २ सेंटीमीटर जाड, खाली ९ सेंटीमीटर रुंद. आम्ही मायलेकींनी स्केलनं मोजून पांढऱ्या स्टिकर पेपरवर लाल रेडियमची टेप कापून लावली. तो एल दिसला की मागचे हॉर्न कमी वाजवतात, हा माझा अनुभव आहे.

आम्ही नागपूरचे, शिकवायला रविवारी सकाळी सहाला मिहानकडे जायचो. रुंद रस्ते, तेव्हा चिटपाखरू नसतं. आमची वॅगन आर जुनी, पेट्रोल, गियरवाली. पहिले दोन रविवार मी तिला अॅक्सिलरेटरला पायच लावू दिला नाही. पहिला गियर, अन् क्लच इतका हळू सोडायचा की सपाट रस्त्यावर गाडी आपोआप सरकली पाहिजे. बंद पडली की पुन्हा स्टार्ट. पन्नासेक वेळा तरी बंद पडली असेल, पण पायाला ती जागा एकदा सापडली की आयुष्यभर जात नाही. माझा उजवा हात सगळा वेळ हँडब्रेकवर. घरच्या गाडीत दुसरा ब्रेक नसतो, म्हणून शिकवणाऱ्यानं आधी हँडब्रेकची तार गॅरेजमधून घट्ट करून घ्यावी, आमची ढिली होती, पाच-सहा टिकटिक वर ओढेपर्यंत पकडायची नाही.

अजून एक, ओरडू नका. पहिल्या दिवशी मी "अगं ब्रेक ब्रेक ब्रेक" केलं तर ती स्टेअरिंग धरून गोठूनच गेली, पाय कुठंच जाईना. मग आम्ही तीनच शब्द ठरवले, सोड, दाब, थांब. बाकी जे काय बोलायचं ते गाडी बाजूला उभी केल्यावर. त्या दिवसापासून गाडीतलं भांडण संपलं.

डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडे प्रॅक्टिसला जाऊ नका, बॅरिकेड अन् पोलिसांच्या गाड्यांमधात नवीन माणूस घाबरतो. आणि वर्धा रोडला जिथं खालून रस्ता, मधात उड्डाणपूल अन् वर मेट्रो आहे, तिथं पुलावर चढायचं का खालून जायचं ते खूप आधी ठरवायला शिकवा. ऐनवेळी लेन बदलणारे तिथं रोज दिसतात.

चढासाठी सेमिनरी हिल्स. तिथं मी तिला डोळे नाही, कान वापरायला लावले. हँडब्रेक ओढलेला, पहिला गियर, थोडा अॅक्सिलरेटर, अन् क्लच हळूहळू वर. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट जरासं वर उचलल्यासारखं होतं, तिथंच पाय धरून ठेवायचा अन् मग हँडब्रेक सोडायचा. गाडी बोटभरही मागे येत नाही. हे जमायला तिला तीन रविवार लागले. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी तिनं सलग अकरा वेळा करून दाखवलं, अन् मग आम्ही तर्री पोहे खाऊनच घरी आलो.

आता आरटीओ ऑफिसचं.

लर्निंग मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्यासाठी अर्ज करता येतो, अन् लर्निंग चालते सहा महिने. आम्ही घाई केली नाही, हात बसू दिला. लर्निंग सप्टेंबरच्या सुरुवातीचं, टेस्टचा स्लॉट घेतला जानेवारीच्या शेवटी. म्हणजे हाताशी महिनाभराच्या वर वेळ होता. मला वाटलं पुष्कळ झाला.

स्लॉट अकराचा, आम्ही दहालाच पोचलो. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, तिचं लर्निंग, माझं लायसन्स, सगळं फाईलमध्ये लावून. खिडकीवरच्या माणसानं फाईल एकदा पुढून मागे अन् एकदा मागून पुढे केली.

"फॉर्म पाच कुठाय?"

म्हटलं, कोणता फॉर्म पाच?

"ड्रायव्हिंग स्कूलचा. कोणत्या स्कूलमधून आली ही?"

म्हटलं स्कूल नाही साहेब, मी शिकवली घरी.

"घरी कोण शिकवते मॅडम गाडी? स्कूलचं सर्टिफिकेट आणा, मग या." अन् फाईल परत सरकवली. मागून लगेच दुसऱ्याचा हात आत.

मी बाजूला उभी राहून साइटवर शोधत बसली, नेट चालेना. पुन्हा रांगेत लागली, पाऊण तासानं पुन्हा तीच खिडकी, तोच माणूस. म्हटलं साहेब कुठं लिहिलंय ते तर दाखवा. म्हणाला, "इथं वाद घालू नका, लोकं थांबून आहेत." तेवढ्यात स्कूलच्या गाड्या एकामागे एक आत चालल्या होत्या, एका गाडीत पाच पोरं, त्यांच्या फाईली गठ्ठ्यानं येत होत्या अन् गठ्ठ्यानंच पास होत होत्या. माझी पोरगी पाच महिने पहाटे उठून शिकली होती, ती कडुनिंबाखाली फाईल छातीशी धरून उभी.

गेटवर एक जण जवळ आला. "ताई, तुम्हाले फॉर्म पाच पाहिजे ना? आधार द्या, अर्ध्या तासात आणून देतो, स्कूलचा सही-शिक्का सकट." पैसेही सांगितले त्यानं. अन् खरं सांगते, एक मिनिट मनात आलं की देऊन टाकावं अन् मोकळं व्हावं, सुट्टी काढून आलोय. पण त्या कागदावर काय लिहिलं असतं? की हिला अमक्या शाळेनं शिकवलं. हिला मी शिकवलं होतं. लेकीनंच म्हटलं, "आई, खोटा कागद नको, चल." एक वाजता खिडकी बंद झाली, स्लॉट गेला, सिस्टिममध्ये ती गैरहजर लागली. गाडीत बसल्यावर मग तिचा बांध फुटला. ती म्हणे माझंच कायतरी चुकलं असेल. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे, की काही चूक नसताना पोरीला आपलं चुकलं असं वाटायला लावलं.

रात्री बसून नियम काढला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १४. पक्क्या लायसन्सच्या अर्जासोबत काय काय लागतं त्याची यादी आहे. त्यात फॉर्म पाच आहे, पण त्यापुढं लिहिलंय, असल्यास. म्हणजे स्कूलमध्ये शिकला असाल तर. शाळेचं सर्टिफिकेट सक्तीचं आहे ते ट्रान्सपोर्ट गाडीसाठी, ते मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ९ मध्ये वेगळं दिलंय. आमचा अर्ज साध्या खाजगी कारचा. दोन्हीच्या प्रिंट काढल्या, "असल्यास"वर पिवळं हायलायटर मारलं, तीन सेट केले.

पुढचा स्लॉट १९ दिवसांनी मिळाला. तारखा पाहायला मी रोज सकाळी उठल्या उठल्या साइट उघडायची, सगळं लालच लाल. लर्निंग संपायला मार्चची सुरुवात, अन् टेस्टमध्ये नापास झाली तर पुन्हा द्यायला सात दिवस थांबावं लागते, म्हणजे हिशोब किती घट्ट बसला ते पाहा. तुम्ही इतकं ताणू नका, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच टेस्ट घ्या.

दुसऱ्या वेळी मी त्या खिडकीवर गेलीच नाही. आधी आत जाऊन मोठ्या साहेबांची वेळ मागितली, वीस मिनिटं बाकावर बसली. आवाज चढवला नाही, प्रिंट समोर ठेवली, म्हटलं साहेब, हिला मी शिकवलंय, माझं लायसन्स हे, फॉर्म पाच आमच्याकडे नाही अन् नियमात तो असल्यास आहे. त्यांनी चष्मा काढून वाचलं, दोन मिनिटं तरी लागले असतील. मग अर्जावर सही करून म्हणाले, "बरोबर आहे, घ्या हिची टेस्ट." बस. एवढ्या वाक्यासाठी १९ दिवस.

टेस्ट पाहायला मला आत सोडलं नाही, जाळीबाहेर उभी होती. आठचा आकडा नीट काढला, रिव्हर्स जरा हळू पण सरळ. चढावर थांबवली तेव्हा माझा श्वास अडकला, कारण तिच्या पुढच्या स्कूलच्या गाडीतला पोरगा मागे घसरला होता. ती थांबली, हँडब्रेक ओढलेला दिसला, दोन सेकंद काहीच नाही. मला माहीत होतं ती कान देऊन राहिली. मग बॉनेट जरासं उचललं अन् गाडी सरळ वर गेली. शेजारी उभे एक काका म्हणाले, "कोणत्या स्कूलची हो ही?" म्हटलं, माझी आहे.

अरे हो, आधारला लागलेला मोबाईल चालू आहे का ते सगळ्यात आधी पाहा. ओटीपी त्यावरच येतो, आमचा तिच्या आजोबांच्या बंद पडलेल्या नंबरवर होता अन् तो बदलण्यात आठवडा गेला. आणि पीयूसीची तारीख टेस्टच्या दिवसाच्या पुढची आहे का ते आदल्या दिवशी बघा, त्या दिवशी दोघं-तिघं त्यावरूनच परत गेले. चाळीसच्या आतल्या माणसाला साध्या कारसाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नाही, स्वतःचं फिटनेसचं डिक्लरेशन चालते. तेही कोणी मागितलं तर विचारा कुठं लिहिलंय म्हणून.

त्या दिवशी घरी येताना तीच चालवत होती. पास झाली तरी लायसन्स हातात नव्हतं, म्हणून एल काढला नाही, तो परवा काढला. नियमाच्या प्रिंटचा एक सेट उरला होता, तो वरच्या मजल्यावरच्या वहिनींना दिला. त्यांच्या मुलाला त्यांनीच शिकवलंय, मंगळवारी त्याचा स्लॉट आहे.