शाकाहारी आईसोबत जपान: टोकियो, ताकायामा, कोयासान आणि किनोसाकी

‘तिथे गेल्यावर बघू’ हा आपल्याकडचा प्रवासाचा लाडका नियम जपानमध्ये फारसा चालत नाही, हे मला व्हिसाच्या अर्जापासूनच जाणवू लागले. कोणत्या तारखेला कोणत्या गावी असणार, कोठे उतरणार, तेथील पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक काय, असा दिवसवार कार्यक्रम अर्जासोबत जोडावा लागतो. आयकराची विवरणपत्रे आणि बँकेचा उतारा जमवण्यापेक्षा या एका कागदावरच माझा अधिक वेळ खर्च झाला. परंतु पुढे तोच आमच्या सहलीचा आराखडा ठरल्यामुळे त्या वेळेचे चीज झाले. एप्रिल २०२४ पासून भारतातून जाणाऱ्या पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो आणि तो विमानतळावर मोबाइलवर, इंटरनेट जोडून, प्रत्यक्ष उघडून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही. म्हणून ई-सिम मी घरूनच घेऊन ठेवले होते.

सोबत आई होती. वय सत्तरीच्या पुढे, अंडेसुद्धा न खाणारी, गुडघे कुरकुरणारे, आणि वज्रेश्वरी व राजापूरची कुंडे पाहिलेली असल्यामुळे जपानमधील गरम पाण्याच्या झऱ्यांविषयी मनापासून कुतूहल असलेली. तिचे जेवण आणि तिचे चालणे या दोन गोष्टींभोवतीच मी सारा बेत आखला. टोकियोत उतरायचे आणि ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून परतायचे, म्हणजे आलेल्या वाटेने उलटा प्रवास करावा लागत नाही.

रेल्वेच्या पासविषयी प्रत्येक जण सल्ला देतो आणि त्यातील बहुतेक सल्ले जुने असतात. सात दिवसांचा जपान रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला. आमच्या मार्गावरील सुट्या तिकिटांची बेरीज त्याच्या बरीच खाली येत होती. शिवाय कोयासानला जाणारी नानकाई ही खासगी रेल्वे आणि शिराकावा-गो या खेड्याची बस या पासात येतच नाहीत. पास घेतला नाही.

टोकियोविषयी थोडेच सांगते. सुइका हे आगाऊ पैसे भरायचे कार्ड मोबाइलमध्ये घेतले की शहरातील रेल्वे, मेट्रो, बस आणि कोपऱ्यावरचे दुकान यांपैकी कोठेही तिकिटासाठी वा सुट्या पैशांसाठी थांबावे लागत नाही. मोठ्या स्थानकांत मात्र गाडीपेक्षा बाहेर पडण्याचे दार महत्त्वाचे असते. शिंजुकूला अशी दोनशेहून अधिक दारे आहेत, आणि चुकीच्या दाराने बाहेर पडणे गुडघेदुखीच्या माणसाला चांगलेच महागात पडते. नकाशाच्या ॲपमध्ये दाराचा क्रमांक दिसतो. तो आधी पाहायचा, मग लिफ्ट असलेले दार निवडायचे आणि त्यानंतरच गाडीतून उतरायचे, हा क्रम आम्ही पाळला. उएनोच्या शिनोबाझू तळ्यातील देवळात आई बराच वेळ रमली, कारण तेथील बेनझाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच. फक्त वीणेच्या जागी बिवा नावाचे तंतुवाद्य.

टोकियो सोडण्याआधी मोठी बॅग हॉटेलच्या काउंटरवरूनच ओसाकाच्या हॉटेलला पाठवून दिली. या सेवेला ताक्क्युबिन म्हणतात. दोन-तीन हजार येनमध्ये सामान बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते आणि तुम्ही येईपर्यंत हॉटेल ते सांभाळते. फक्त आरक्षणाचे नाव आणि उतरण्याची तारीख चिठ्ठीवर नीट लिहायची. खेड्यापाड्यांतील स्थानकांवर जिने असतात, डोंगरातल्या बसमध्ये जागा कमी असते. पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढेच सोबत घेऊन पुढे जाण्यातले सुख ज्येष्ठांसोबत फिरणाऱ्यालाच कळेल.

नागोयाहून हिदा एक्सप्रेस नदीच्या काठाकाठाने सुमारे अडीच तासांत ताकायामाला नेते. येथे सकाळी मियागावा नदीलगत बाजार भरतो. शेतकरी बायका सफरचंदे, मुरवलेल्या भाज्या आणि मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याची, पाकिटे घेऊन बसलेल्या असतात. गाव हिदा गोमांसासाठी प्रसिद्ध असले तरी आईला निखाऱ्यावर भाजलेले, सोया सॉस लावलेले तांदळाच्या पिठाचे गोळे मनापासून आवडले. शिराकावा-गो तेथून बसने पन्नासेक मिनिटांवर आहे. तेथील उंच, उतरत्या गवती छपरांची घरे १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बसचे आरक्षण करून गेलो. न केलेले लोक रांगेत उभे दिसले.

जेवणाचा प्रश्न जपानमध्ये मांसाचा नसून दाशीचा आहे. सुक्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांचे हे पाणी सूप, नूडल्स, भाजी, कधी कधी लोणचे अशा सर्वांत मुरलेले असते, आणि ‘यात मांस नाही’ असे सांगणारा माणूस ते मनाने खरेच सांगत असतो. म्हणून मांस, मासे, अंडी आणि माशाची दाशी चालत नाही, मात्र कोंबू या समुद्री वनस्पतीची दाशी, दूध आणि सोयाबीन चालते, अशी चिठ्ठी जपानी भाषेत लिहून घेतली होती. काय चालत नाही यापेक्षा काय चालते हे लिहिल्याचा अधिक उपयोग होतो. स्वयंपाक्याला त्यातून वाट सापडते.

या बाबतीत कोयासानला मात्र काहीच समजावून सांगावे लागले नाही. ओसाकाच्या नाम्बा स्थानकावरून गोकुराकुबाशीपर्यंत रेल्वे आणि तेथून केबल कार असा प्रवास करून सुमारे आठशे मीटर उंचीवरील या मठांच्या गावात पोहोचता येते. कुकाई या भिक्षूने ८१६ साली येथे शिंगोन या बौद्ध पंथाचे केंद्र स्थापन केले. मठांत राहण्याची सोय असते आणि जेवण शोजिन पद्धतीचे, म्हणजे मांस-मासे तर नाहीतच, पण कांदा-लसूणही नाही. तिळाचा मऊ तोफू, वाळवलेला कोया-तोफू, पिठात बुडवून तळलेल्या भाज्यांचा तेंपुरा असे लहान लहान वाडग्यांतले जेवण पाहून ‘हे तर आपल्या चातुर्मासाचे ताट’ असे आई म्हणाली. संध्याकाळी सहाच्या आत जेवण आणि पहाटे प्रार्थना, या वेळा पाळाव्याच लागतात; उशिरा पोहोचणाऱ्याचे जेवण बहुधा हुकते. ओकुनोइन या तेथील दफनभूमीत देवदारांखालील दोन लाखांहून अधिक समाध्यांमधून फिरताना दगडांवर सिद्धम् या संस्कृतसाठीच्या जुन्या लिपीतील बीजाक्षरे दिसतात. आणि मराठी माणसाने कोयासान विद्यापीठाच्या आवारात अवश्य जावे: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा तेथे सप्टेंबर २०१५ मध्ये उभारला गेला.

किनोसाकी हे आमचे शेवटचे गाव. ओसाकाहून कोउनोतोरी एक्सप्रेस सुमारे पावणेतीन तासांत तेथे पोहोचते. १९२५ च्या भूकंपात बेचिराख झालेले हे गाव ओतानी नदीच्या दोन्ही काठांनी पुन्हा लाकडात उभे राहिले. गावची ओळख असलेली सार्वजनिक स्नानगृहे सात. र्‍योकानमध्ये म्हणजे पारंपरिक निवासात उतरलेल्यांना ती विनामूल्य असतात, पण प्रत्येकाचा साप्ताहिक सुटीचा वार वेगळा असल्यामुळे वेळापत्रक आधी पाहिलेले बरे. अंगावर गोंदण असले तरी येथे हरकत घेत नाहीत. जपानमधील इतर अनेक ठिकाणी घेतात.

आपल्याकडे कुंडात अंघोळीसाठी उतरतात, तेही अंगावरच्या कपड्यांनिशी. तेथे आधी अंघोळ आणि मग कुंड, आणि कपडे अजिबात नाहीत. स्त्रियांचे आणि पुरुषांचे भाग वेगळे असले, तरी अनोळखी बायकांसमोर विवस्त्र होण्याची कल्पना आईला पेलवत नव्हती. म्हणून मी निवासातील कशिकिरी, म्हणजे कुटुंबापुरती राखून ठेवता येणारी लहान न्हाणी, तीही आम्ही दोघींनी एकामागून एक वापरायची अशी, पाऊण तासासाठी घेतली. तेथे एकटीने सारे जमल्यावर दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन सार्वजनिक स्नानगृहात आली. कपडे टोपलीत ठेवायचे, हातात एक लहान टॉवेल फक्त. भिंतीलगतच्या बुटक्या स्टुलावर बसून, शेजारणीवर शिंतोडे उडू न देता, साबणाने सर्वांग स्वच्छ धुवायचे, फेसाचा कणही उरू द्यायचा नाही, स्टूल आणि तपेलीवर पाणी ओतायचे आणि केस वर बांधून मगच पाण्यात उतरायचे. टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही, म्हणून बायका तो घडी करून डोक्यावर ठेवतात. कोणी कोणाकडे पाहत नव्हते, आणि आईचा संकोच पाच मिनिटांतच विरघळला. पाणी बरेच गरम, साधारण चाळीस-बेचाळीस अंशांचे असते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे, एका वेळी पाच-सात मिनिटांत बाहेर यावे आणि पाणी पीत राहावे.

र्‍योकानला आईच्या जेवणाविषयी मी आरक्षणाच्या वेळीच आणि पुन्हा आठवडाभर आधी ईमेलने कळवले होते, त्यामुळे तिच्यासाठी कोंबूच्या दाशीतले स्वतंत्र जेवण तयार होते. मात्र शाकाहारी मंडळींनी नोव्हेंबर ते मार्च हा काळ टाळावा असे मला वाटते. तो किनोसाकीतील खेकड्यांचा हंगाम. तेव्हा दर चढतात, जेवणाची सारी मांडणी खेकड्याभोवतीच होते आणि कित्येक निवास वेगळे जेवण करून देण्यास नम्रपणे नकार देतात. आम्ही मे महिन्यात गेलो. हवा सुखद होती आणि आमच्या मजल्यावरील निम्म्या खोल्या रिकाम्या होत्या.