अकरावी-बारावीच्या इंग्रजीतली कथा, कविता आणि नाटक

बालभारतीच्या बारावीच्या ‘युवकभारती’त दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही कविता आहे. संध्याकाळच्या लोकलमध्ये मूक प्रवाशांमध्ये उभा असलेला, चिखलाने माखलेल्या चपला घालून घरी परतणारा आणि पातळ चहासोबत शिळी चपाती खाणारा हा बाप मुंबई-ठाण्याच्या मुलांना ओळखीचा असतो. तरीही तयार रसग्रहण पाठ केल्यामुळे तो त्यांना दिसतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. कवितेत त्याची स्वतःची मुले त्याच्याशी हसतबोलत नाहीत, आणि तो मात्र रेडिओची खरखर ऐकत पूर्वजांची व नातवंडांची स्वप्ने पाहत झोपी जातो. मधली, म्हणजे घरातलीच, पिढी त्या स्वप्नात नाही, हे वर्गात कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवे.

आर. के. नारायण यांची ‘ॲन ॲस्ट्रॉलॉजर्स डे’ ही कथा तर दोनदा वाचल्याशिवाय शिकवूच नये, कारण शेवट कळल्यावर ज्योतिषाच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ पालटतो आणि काडीच्या उजेडात दिसलेला गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून तो का चरकला, हे उमगते. अकरावीच्या पुस्तकातल्या नाटकाबाबत माझा आग्रह एवढाच, की संवाद विद्यार्थ्यांनी उभे राहून म्हणावेत. उच्चार चुकले तरी चालतील.