मंगळवारची भीमगीते

आमचे सामुदायिक रेडिओ केंद्र तालुक्याच्या गावी 50 वॅटच्या ट्रान्समीटरवर चालते आणि त्याचा आवाज फार तर 10-12 किलोमीटरपर्यंत पोहोचतो. पहिल्या वर्षी आमच्याकडे तयार गाण्यांचा साठा नव्हता, त्यामुळे जात्यावरच्या ओव्या, भारुडे आणि गावोगावची भजने आम्हीच ध्वनिमुद्रित करून लावत असू. लोक आम्हाला ‘भजनाचा रेडिओ’ म्हणत. पुढे जाहिरातींसाठी चित्रपटगीते आली, कॉलेजच्या मुलांसाठी नवी मराठी पॉप गाणी आली आणि त्या नावाची जागा हळूहळू ‘गाण्यांचा रेडिओ’ने घेतली. हे सगळे बदल आम्ही बैठका घेऊन केले होते. मला सांगायचा आहे तो बदल मात्र संगणक बंद पडल्यामुळे झाला.

2019 च्या जुलैमधला मंगळवार होता. सकाळचा भक्तिगीतांचा कार्यक्रम संपता संपता गाणी लावणारा संगणक बंद पडला आणि तंत्रज्ञ यायला अर्धा तास होता. कपाटातल्या पेन ड्राइव्हवर ‘14 एप्रिल’ नावाचे एकच फोल्डर सापडले. शांतता लांबली की श्रोता केंद्र बंद पडले असे समजून बटण फिरवतो, म्हणून मी फार विचार न करता तेच सुरू केले. लोककवी वामनदादा कर्डकांची बाबासाहेबांवरची गीते आमच्याच भागातल्या एका गायन पार्टीने म्हटलेली होती. ढोलकी, पेटी आणि मागे दणदणीत कोरस.

पाच मिनिटांत पहिला फोन आला. ‘‘साहेब, आज काय आहे?’’ दुसऱ्यानेही तेच विचारले, जरा चढ्या आवाजात. मी म्हणालो, ‘‘काही नाही, मंगळवार आहे.’’ चौथा फोन गावाबाहेरच्या वस्तीवरून एका ताईंचा होता. त्यांनीही आधी तोच प्रश्न केला आणि माझे उत्तर ऐकून क्षणभर थांबून म्हणाल्या, ‘‘काही नसताना लावलं? मग अजून दोन लावा. आमची गाणी तुमच्याकडं वर्षातून दोनच दिवस असतात ना, म्हणून विचारलं.’’

ते दोन दिवस म्हणजे 14 एप्रिल आणि 6 डिसेंबर. संध्याकाळी मी वर्षभराची लॉगबुके काढून बसलो. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आमच्याकडे जवळजवळ रोज सकाळी होता, पण तो विठ्ठलाच्या गीतांमध्ये. त्यांनीच गायलेली भीमगीते फक्त त्या दोन तारखांना. एकाच गळ्याची आम्ही दोन कपाटे केली होती आणि त्यातले एक वर्षभर कुलूपबंद असे. 1952 मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करावी लागली, हे आम्ही प्रशिक्षणात नव्या मुलांना हसत हसत सांगतो. तिथे निदान कोणीतरी धोरण म्हणून ते ठरवले होते. आमच्याकडे कोणीच काही ठरवले नव्हते, त्यामुळे जाब तरी कोणाला विचारणार?

पुढच्या बैठकीत वाद झाला, पण दर मंगळवारी सकाळी अर्धा तास भीमगीतांना मिळाला. एका दुकानदाराने त्याच महिन्यात जाहिरात थांबवली. त्याने कारण सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. तेव्हा विचारायला हवे होते, असे मला आजही वाटते. उलट ज्या वस्त्यांवरून पूर्वी कधी फोन येत नसे, तिथून दवाखान्याच्या वेळा आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांची चौकशी सुरू झाली.

तीनेक आठवड्यांनी त्या ताई आपल्या वडिलांना घेऊन केंद्रावर आल्या. ते तरुणपणी गायन पार्टीत ढोलकी वाजवत. आम्ही त्यांची चार गीते ध्वनिमुद्रित केली. निघताना त्यांनी विचारले, ‘‘कधी लावणार?’’

‘‘येत्या मंगळवारी, बाबा.’’

चपला घालता घालता ते थांबले. ‘‘मंगळवारी काय आहे?’’